दगडावरची ओळखीची अक्षरे

सुट्टीत गोव्याला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. समुद्र, बोटीची सफर, बाजार आणि जुन्या गोव्यातली चर्च. तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात मात्र फार थोडे जण शिरतात. यंदा आम्ही मुलांना घेऊन मुद्दाम तिथे गेलो.

हे छोटे संग्रहालय सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चला लागून असलेल्या जुन्या मठात आहे. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि १९६४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ते सुरू केले. आत अल्बुकर्कचा ब्राँझचा भव्य पुतळा आहे. वरच्या मजल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची चित्रे ओळीने लावलेली आहेत. अशी चित्रे काढून घेण्याची प्रथा १५४७ मध्ये सुरू झाली.

चित्रे पाहता पाहता आमच्या धाकटीने विचारले, "अम्मी, यांच्या आधी इथे कोण होते?"

तिला टाळण्यासारखा हा प्रश्न नव्हता. कदंब होते, विजयनगर होते, बहमनी होते. १५१० मध्ये हे शहर विजापूरच्या आदिलशाहीत होते. त्या वर्षी २५ नोव्हेंबरला अल्बुकर्कने ते जिंकले. शहरातल्या मुसलमानांची चार दिवस कत्तल चालली, असे त्यानेच आपल्या राजाला पत्राने कळवले. हे मुलांना सांगावे की नाही, यावर आमच्यात दबक्या आवाजात थोडी चर्चा झाली. शेवटी सांगितले. सोबत हेही सांगितले की, आधीच्या राजांनीही राज्ये तलवारीनेच मिळवली होती. इतिहास द्वेषासाठी शिकायचा नसतो, पण लपवायचाही नसतो.

मग आम्ही दगडांकडे वळलो. वीरगळ, सतीशिळा, मूर्ती आणि शिलालेख. काही लेख मराठीत, काही फारसीत. मुले एकदम पुढे सरसावली, कारण अक्षरे ओळखीची होती. थोरल्याने अलिफ, लाम, मीम शोधून काढले. धाकटी देवनागरीवर बोट न लावता, लांबूनच जुळवाजुळव करू लागली. अक्षरे लागत होती, अर्थ मात्र दोन्हीकडे अडत होता. जुनी मराठीही परकी वाटत होती आणि फारसीही.

आम्ही शाळेत दोन्ही भाषा शिकवतो. "मराठी घ्यावी की उर्दू?" असे पालक नेहमी विचारतात, जणू एक घेतली की दुसरी सोडावीच लागते. त्या दालनात मात्र दोन्ही लिप्या एकाच छताखाली होत्या आणि आमची मुले दोन्हींसमोर हक्काने उभी होती. एक भाषा सोडली असती, तर निम्मे दगड त्यांच्यासाठी मुके राहिले असते.

बाहेर पडल्यावर सेंट कॅजेटन चर्चजवळ आदिलशहाच्या वाड्याच्या दरवाजाची काळ्या दगडाची चौकट पाहिली. वाड्यातले तेवढेच आता उभे आहे. पुढे फोंड्याला जाऊन सफा मशीद आणि तिचा तलाव पाहिला. ती १५६० सालची सांगतात.

तुम्हीही जा. शुक्रवारी संग्रहालय बंद असते, तेवढे लक्षात ठेवा. घरात फारसी जाणणारे दादा-नाना असतील, तर त्यांना आवर्जून बरोबर न्या. आमच्या मुलांचे अडलेले अर्थ अजून विचारायचे राहिले आहेत.