चौकटीवरच्या खुणा

शाळेच्या स्मरणिकेसाठी एका आईने आपले मनोगत लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा आम्ही ते दोन दिवस फळीवरच्या डब्याखाली तसेच ठेवून दिले. लिहिण्याचा सराव आम्हांला नाही, असे नव्हे. गावातील अंगणवाडीच्या नोंदवह्या आम्ही गेली अठरा वर्षे भरीत आलो आहोत. परंतु त्या वह्यांत रकाने आखलेले असतात. नाव, जन्मतारीख, वजन, उंची एवढे भरले की पान पुरे होते. घरच्या दिवसाला असे रकाने नसतात. शिवाय 'मी' म्हणून लिहावयाचे म्हटले की लेखणी अडते. आमच्याकडे घरातील बाई एकवचनात फारशी बोलतच नाही. 'तुम्ही बसा, आम्ही मागून जेवू', असेच तिच्या तोंडी बसलेले असते. कारण तिच्या दिवसात सासूबाईंची गोळी असते, मुलांच्या बाबांचा डबा असतो, शेजारणीला परत करावयाची वाटीभर साखरही असते. म्हणून येथेही आम्ही 'आम्ही' असेच लिहितो आहोत. वाचकांनी त्यात मोठेपणा शोधू नये.

आमचा दिवस सांगण्यासारखा नाही. पहाटे साडेचारला उठावे, अंगण झाडावे, नळाला पाणी येण्याचा दिवस असेल तर भांडी रांगेत लावावीत, भाकरी थापाव्यात. मुलांचे बाबा शेतावर निघतात; शेत तीन एकर, त्यात कापूस आणि मध्ये तुरीच्या ओळी. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की सुटीच्या दिवशी आम्हीही कमरेला ओटी बांधून जातो. एरवी घरचे आवरून अंगणवाडी गाठावयाची. देशात ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, त्यानंतर पुष्कळ काळाने आमच्या वस्तीत खोली बांधली गेली, आणि पहिल्या काही वर्षांतच सेविका म्हणून आमची निवड झाली. मुले जमवावीत, बडबडगीते म्हणावीत, खिचडी वाढावी, गरोदर बायांच्या घरी भेट द्यावी. महिन्यातून एकदा तराजू आढ्याला टांगून प्रत्येक बाळाचे वजन घ्यावे आणि तक्त्यावर टिंब द्यावे. टिंब हिरव्या पट्ट्यात राहिले तर जीव निर्धास्त होतो. पिवळ्यात उतरले तर त्या आईच्या घरी पुन्हा चक्कर मारावी लागते. अशा रीतीने वस्तीतील कोणते मूल किती ग्रॅमने वाढले, हे आम्हांला तोंडपाठ असते.

आमच्या मुलीचाही तक्ता सहा वर्षांपर्यंत आमच्याच अक्षरात आहे. ती दहा वर्षांची झाली तेव्हा चौथी संपली होती. गावची शाळा तेथेच संपत होती आणि पुढच्या शाळेची वाट पावसाळ्यात नाल्याने अडत असे. आम्ही स्वतः दहावीचा निकाल लागला त्याच वर्षी लग्न होऊन या घरी आलो. पुढे शिकण्याची इच्छा होती, असे आज म्हणण्यात अर्थ नाही. त्या वेळी ती कोणी विचारली नाही आणि आम्हीही सांगितली नाही. मुलीच्या बाबतीत असे होऊ नये, एवढे मात्र आम्हां दोघांचेही ठरलेले होते. म्हणून जूनच्या अखेरीस, आपल्या विदर्भातील शाळा उघडतात त्या दिवसांत, पत्र्याची पेटी, जवसाच्या चटणीची बरणी आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आम्ही तिला या शाळेच्या वसतिगृहात सोडून आलो. येताना एस.टी.त बाबा खिडकीबाहेर पाहत होते. आम्ही तिकिटाची घडी करीत होतो. घरी पोहोचलो तेव्हा सासूबाईंनी सवयीने पाच ताटे मांडली होती. एक ताट उचलून ठेवण्याचे काम कोणी करावे, हे कोणालाच ठरविता येईना. शेवटी चार वर्षांच्या धाकट्याने ते उचलले आणि त्यात तो खेळू लागला.

लोक विचारतात, मूल दूर गेले की सर्वांत अवघड काय असते? सणवार अवघड जात असतील, असे त्यांना वाटते. सणाला तर ती घरी असे. अवघड जातो तो साधा दिवस. भाजी निवडताना कोवळी काकडी हाती लागली की ती बाजूला ठेवली जाते आणि मग आठवते की, खाणारी येथे नाही.

पहिल्या दिवाळीच्या सुटीत ती आली. हात-पाय धुतले, आजीच्या पाया पडली, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "आई, पाणी घेऊ का?" माठ त्याच कोपऱ्यात होता, पेला त्याच खिळ्याला होता. वसतिगृहात शंभर मुली असतात. तेथे विचारल्याशिवाय काही घेऊ नये ही शिस्त योग्यच आहे आणि ती तिच्या अंगी बाणली, हे चांगलेच झाले. हे सर्व आम्हांला त्या क्षणीही समजत होते. तरीही आमच्या हातातील पीठ हातातच राहिले. आपल्या घरी पाणी घ्यावयास मुलगी परवानगी मागते, म्हणजे हे घर तिचे कधी सुटले? सासूबाई पुढे होऊन म्हणाल्या, "विचारतेस काय बाई, घे की." तिने पाणी घेतले, पेला विसळून जागेवर ठेवला. असे पूर्वी तिने कधी केले नव्हते.

आमच्या मधल्या दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा आहेत. पूर्वी मनाला येईल तेव्हा मुले पाठ लावून उभी राहत आणि आम्ही कोळशाने रेघ ओढीत असू. ती गेल्यावर वर्षाला दोनच रेघा उरल्या, एक दिवाळीची आणि एक मे महिन्याची. धाकट्याच्या रेघा एकीला एक लागून चढत जातात. तिच्या रेघांत बोटे मावतील एवढे अंतर असते. दुसऱ्यांच्या मुलांची वाढ महिन्याच्या महिन्याला नोंदविणाऱ्या बाईला आपल्या मुलीची वाढ सहा महिन्यांनी चौकटीवर कळावी, याचे हसू यावे की वाईट वाटावे, हे आम्हांला अजून ठरविता आलेले नाही.

यापेक्षाही एक खोल गोष्ट आहे. ती मुलीला विचारूनच लिहीत आहोत. गावातील किशोरींना जमवून पाळीविषयी समजावून सांगणे, हे आमच्या कामाचा भाग आहे. त्यात लाज नाही, विटाळ नाही, कोपऱ्यात बसावयाचे नाही, स्वच्छता कशी ठेवावी, रक्तवाढीसाठी काय खावे, हे आम्ही कित्येक मुलींना सांगितले. आपल्या मुलीला सांगावयाचे ते पुढच्या सुटीत, ती थोडी मोठी झाली की सांगू, असे म्हणत राहिलो. आणि सातवीत असताना एका गुरुवारी, परीक्षेच्या आदल्या दिवशी, ती वसतिगृहात मोठी झाली. आम्हांला हे रविवारच्या फोनवर कळले. "आई, ताईंनी सगळे सांगितले. मी घाबरले नाही. पेपरही चांगला गेला," असे ती म्हणाली. फोन ठेवल्यावर आम्ही परसात जाऊन बसलो. ती घाबरली नाही याचा आनंद खरा होता. ते सांगणारे आपण नव्हतो, याचे दुःखही तितकेच खरे होते. पुढे पालक सभेला गेलो असता त्या ताईंना भेटलो. त्यांचे आभार मानावेत, असे ठरवून गेलो होतो. प्रत्यक्षात त्यांचा हात धरून नुसते उभे राहिलो. त्याच म्हणाल्या, "तुमच्या मुलीला बरेचसे आधीच ठाऊक होते. अंगणवाडीत तुम्ही मोठ्या मुलींना सांगत असताना ती बाहेर खेळता खेळता ऐकत असे म्हणे."

त्या दिवसापासून आमच्या मनाची एक गाठ सैल झाली. आपण समोर बसवून जे शिकवितो, तेवढेच मुलाला मिळते असे नाही. आपला रोजचा दिवस त्याच्या कानांवरून, डोळ्यांसमोरून जात असतो आणि त्यातले काय त्याने उचलले, हे आपणांस पुष्कळ दिवसांनी, कित्येकदा दुसऱ्याच्या तोंडून कळते. मग मूल दूर असताना तो दिवस त्याच्यापर्यंत पोहोचवावा कसा?

रविवारी मिळणाऱ्या फोनच्या चार मिनिटांत आम्ही तोवर ठरावीक प्रश्न विचारीत असू. जेवलीस का? अभ्यास होतो का? तब्येत बरी आहे ना? तिकडून "हो, हो, हो" एवढेच येई. एका रविवारी आम्ही काहीच विचारले नाही. शेजारच्या शेळीने आपली पालकाची वाफ साफ केली, आजीने चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला, बाबांच्या हाताला तुरीच्या काड्यांचे ओरखडे आलेत, आज वांग्याची भाजी जरा तिखट झाली, असे सांगत गेलो. ती पोट धरून हसली. मग आपण होऊन बोलू लागली: खोलीतील एक मुलगी झोपेत पाढे म्हणते, स्वयंपाकाच्या मावशींनी परवा पोळीत गूळ घालून दिला, खिडकीबाहेरच्या कडुलिंबावर खारीने घर केले आहे. त्या चार मिनिटांत तिचा साधा दिवस आमच्या घरी आला आणि आमचा तिच्याकडे गेला. तेव्हापासून आम्ही आठवडाभर अशा लहानसहान गोष्टी साठवून ठेवतो. विसरू नये म्हणून कॅलेंडरच्या चौकोनांत एकेक शब्द लिहून ठेवतो: 'शेळी', 'चष्मा', 'तिखट'.

दरवर्षी २७ मे रोजी वस्तीतील विहारात माता रमाईंचा स्मृतिदिन होतो. त्या १९३५ साली गेल्या, पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव जगले, बाबासाहेब परदेशी शिकत असता त्यांनी हलाखीत संसार ओढला, हे आम्हां सर्वांना पाठ आहे. पण भाषणे ऐकताना आमच्या मनात वेगळेच येते. परळच्या बी. आय. टी. चाळीतील त्या दोन खोल्यांत एखाद्या अगदी साध्या मंगळवारी चुलीवर काय शिजले असेल? कोणाच्या सदऱ्याचे बटण त्यांनी लावले असेल? तसेच महाप्रजापती गौतमीचे. सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया गेली आणि मावशीने त्याला वाढविले, असे आपण एका वाक्यात सांगतो; आणि पुढचे वाक्य त्याच्या गृहत्यागाचे असते. त्या 'वाढविले' या शब्दात किती न्हाऊ-माखू घालणे, किती रात्रींची जागरणे आली असतील, ते कोणी लिहून ठेवले नाही. आमच्या मुलीची वेणी ज्यांनी घातली, तापात कपाळावर पट्ट्या ज्यांनी ठेवल्या, त्या वसतिगृहातील ताई आणि मावशी यांचेही काम असेच न लिहिलेले आहे. या स्मरणिकेत निकालांची टक्केवारी आणि पाहुण्यांची छायाचित्रे असतीलच. त्यांच्या शेजारी या कामाची नोंद एका आईच्या हातून व्हावी, एवढ्यासाठीच आम्ही लिहावयास बसलो.

आता ती दहावीत आहे. धाकटा चौथीत. येत्या जूनसाठी त्याचाही प्रवेश अर्ज बाबांनी आणून ठेवला आहे. महिनाभर तो पत्राशेजारीच डब्याखाली होता. दोन्ही मुले दूर गेली तर चौकटीवर रेघ ओढावयास कोण राहील, हा आमचा प्रश्न; आणि ताईला मिळाले ते मला का नको, हा त्याचा. त्याचा प्रश्न आमच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे, हे मान्य करावयास आम्हांला वेळ लागला. काल रात्री अर्ज भरला. मात्र या खेपेस पुढच्या सुटीवर काही ढकलावयाचे नाही, असे ठरविले आहे. भाकरी कशी भाजतात, बटण कसे लावतात, ताप आला तर कोणाला आणि कसे सांगावे, हे सर्व त्याला जूनपूर्वी यावयास हवे. आज संध्याकाळी त्याने पहिली भाकरी थापली. ती गोल झाली नाही. आजीने ती आपल्या ताटात वाढून घेतली.

नव्याने मुले पाठविणाऱ्या आयांना उपदेश करण्याची आमची योग्यता नाही. फक्त एवढेच सांगतो: फोनवर मुलाला प्रश्न कमी विचारा, आज घरी काय झाले, ते सांगा. आणि सुटीत घरी आलेल्या मुलाने दाराशी उभे राहून पाणी मागितले, तर दुखावून घेऊ नका. गेल्या दिवाळीत आमची मुलगी आली, पिशवी ठेवली, माठाकडे गेली आणि पेला भरताना मागे न पाहता म्हणाली, "आई, तुला देऊ का पाणी?"