निळ्या टोप्या, ४२ नंबर आणि जमिनीत पुरलेली शाळा

"बेसबॉल हा अमेरिकेचा खेळ. आंबेडकरी चळवळीतल्या माणसांना त्याचं काय देणंघेणं?" हा प्रश्न आम्हाला दर एप्रिलमध्ये ऐकायला मिळतो. कारण १४ एप्रिलची भीमजयंती झाली की दुसऱ्या दिवशी आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियात राहणारे काही आंबेडकरी मित्रमैत्रिणी लॉस एंजेलिस डॉजर्सची निळी टोपी डोक्यावर चढवतो. १५ एप्रिल हा अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन दिन असतो. त्या दिवशी प्रत्येक संघाचा प्रत्येक खेळाडू, मग तो गोरा असो, कृष्णवर्णीय असो, जपानी असो की डोमिनिकन, पाठीवर एकच आकडा घेऊन मैदानात उतरतो : ४२. एरवी हा आकडा कोणालाच मिळत नाही. १९९७ मध्ये तो सगळ्या संघांतून कायमचा निवृत्त केला गेला.

आमचं उत्तर सरळ आहे. खेळ हा समाजापासून वेगळा नसतो. मैदानात कोणाला शिरू दिलं, कोणत्या अटीवर शिरू दिलं आणि ते मैदान कोणाच्या घरांवर उभं राहिलं, हे तीन प्रश्न विचारले की कुठल्याही देशाची समाजरचना समजते. म्हणून डॉजर्सचा सामना बघायला येणाऱ्या आपल्या माणसांसाठी हा वाटाड्या लिहितो आहोत. भारतात बसून बघणाऱ्यांसाठीही तो आहेच. इथला संध्याकाळी ७.१०चा सामना तुमच्याकडे सकाळी ७.४०ला सुरू होतो.

खेळ थोडक्यात सांगतो. नऊ डाव असतात आणि प्रत्येक डावात दोन्ही संघांना आळीपाळीने फलंदाजी मिळते. तीन गडी बाद झाले की पाळी संपली. चेंडू टप्पा न घेता थेट येतो. चेंडू मारून पहिला, दुसरा, तिसरा असे तळ गाठत पुन्हा घरच्या तळावर पोचलं की एक धाव. क्रिकेट कळणाऱ्याला हे दोन डावांत कळतं. जे दोन डावांत कळत नाही ते पुढे सांगतो.

कागदावर नसलेला कायदा

१८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडो संघाकडून मेजर लीग खेळला होता. त्यानंतर दार बंद झालं ते साठ वर्षांहून जास्त काळ. गंमत बघा, 'कृष्णवर्णीयांना घेऊ नये' असा नियम मेजर लीगच्या नियमपुस्तकात नव्हता. मालकांमध्ये आपसात समजूत होती, एवढंच. विचारलं तर उत्तर तयार : बंदी कुठे आहे, दाखवा! ज्यांनी गावात घर भाड्याने मागितलं आहे, ज्यांनी नोकरीच्या मुलाखतीत आडनाव सांगितलं आहे, त्यांना हा न लिहिलेला कायदा समजावून सांगायची गरज नाही.

जॅकी रॉबिन्सनचा जन्म १९१९ मध्ये जॉर्जिया राज्यात झाला आणि तो वाढला पॅसाडीनात. आजच्या डॉजर स्टेडियमपासून हे शहर गाडीने जवळच आहे. या शहराच्या सार्वजनिक जलतरण तलावात गोरे नसलेल्यांना आठवड्यातून एकच दिवस मुभा होती. तो दिवस संपला की तलावातलं पाणी काढून टाकलं जायचं आणि नवीन भरलं जायचं. वाचकहो, महाडला १९२७ मध्ये आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो, त्यानंतर त्या तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं होतं. दोन खंड, दोन धर्म, दोन भाषा, आणि पाण्याबद्दलची बुद्धी मात्र एकच. जॅकीचा थोरला भाऊ मॅक याने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्सच्या पाठोपाठ २०० मीटरचं रौप्यपदक मिळवलं. परत आल्यावर त्याला पॅसाडीनात काम मिळालं ते रस्ते झाडायचं.

जॅकी सैन्यात अधिकारी झाला. १९४४ मध्ये बसमध्ये मागे जाऊन बसायला नकार दिला म्हणून त्याच्यावर लष्करी खटला चालला आणि त्यातून तो निर्दोष सुटला. १९४५ मध्ये डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी त्याला करारबद्ध केलं. तेव्हा हा संघ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये होता. १९४६ला तो माँट्रियलच्या दुय्यम संघात खेळला. त्याच वर्षी बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. आणि १५ एप्रिल १९४७ला जॅकी ब्रुकलिनच्या मैदानावर उतरला. आपल्या संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मान्य केलं तेही याच महिन्याच्या अखेरीस.

पण अट काय होती? शिव्या पडतील, अंगावर चेंडू फेकले जातील, धमक्यांची पत्रं येतील, तरी उलटून बोलायचं नाही. शोषकाने शिवी द्यायची आणि शोषिताने आपली सभ्यता सिद्ध करायची. जॅकीने ती अट पाळली आणि पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. १९४९ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. तोवर त्याने तोंड उघडायला सुरुवात केली होती, आणि लगेच त्याच्याविषयी 'गर्विष्ठ', 'भांडखोर' अशी कुजबुज सुरू झाली. शांत होता तेव्हा तो 'आदर्श' होता, बोलू लागला तेव्हा 'उद्धट' झाला. हे प्रमाणपत्र आपल्याही कार्यकर्त्यांच्या ओळखीचं आहे.

आपला बाळू

आपल्याकडे याच्या कितीतरी आधी पालवणकर बाळू होता. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखता राखता गोलंदाजी शिकला. त्याच्याशिवाय सामना जिंकता येत नाही म्हणून हिंदू संघाने त्याला घेतलं. पण चहाच्या वेळी त्याचा कप वेगळा आणि जागाही बाहेर. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले, तरी कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळालं.

हात हवा, पण डोकं नको. गोलंदाजी तू कर, संघ आम्ही चालवू. आणि बाळूची पुढची कहाणीही विसरू नका. १९३७च्या निवडणुकीत काँग्रेसने त्याला मुंबईत बाबासाहेबांच्याच विरुद्ध उभं केलं. बाबासाहेब निवडून आले. बाळूच्या खेळाबद्दल आम्हाला अभिमान आहे. पण आपल्यातला एक माणूस वर गेला म्हणजे समाज वर गेला असं होत नाही, आणि तो वर गेलेला माणूस आपल्याच विरुद्ध वापरला जाऊ शकतो, हेही त्या निवडणुकीने शिकवलं.

एकेक खेळाडू गेला, संस्था बुडाली

जॅकीच्या गोष्टीचा एक भाग १५ एप्रिलच्या सोहळ्यात कमी ऐकू येतो. दार बंद होतं तेव्हा कृष्णवर्णीयांनी रडत न बसता स्वतःच्या लीग उभ्या केल्या. रूब फॉस्टर यांनी १९२० मध्ये कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीग स्थापन केली. कृष्णवर्णीय मालक, व्यवस्थापक, पंच, कृष्णवर्णीय वृत्तपत्रांचे वार्ताहर, असा सगळा संसार त्यातून उभा राहिला. जॅकी तिथूनच आला होता. रिकींनी त्याच्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाला एक डॉलरही दिला नाही. नुअर्क ईगल्सच्या मालकीण एफा मॅनली यांनी अशा फुकट उचलेगिरीविरुद्ध आवाज उठवला. पण चांगले खेळाडू गेले, प्रेक्षक गेले आणि काही वर्षांत त्या लीग संपल्या. मेजर लीगने खेळाडू घेतले. मालक, व्यवस्थापक, पंच घेतले नाहीत. पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक संघ घेऊन मैदानात उतरला १९७५ मध्ये, म्हणजे जॅकीच्या पदार्पणानंतर २८ वर्षांनी. तो बघायला जॅकी जिवंत नव्हता. १९७२ मध्ये, आपल्याकडे मुंबईत दलित पँथर जन्मली त्याच वर्षी, तो गेला. मरणापूर्वी काही दिवस झालेल्या आपल्या सत्काराच्या कार्यक्रमातही त्याने कृष्णवर्णीय व्यवस्थापक कधी दिसणार, हाच मुद्दा काढला होता.

यावर कोणी म्हणेल, मग काय वेगळंच राहायचं होतं? नाही. दार उघडलंच पाहिजे होतं. आमचं म्हणणं एवढंच की 'प्रवेश' आणि 'सत्तेत वाटा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेश घेताना स्वतःच्या संस्था मोडीत काढल्या तर हातात फक्त मालकाची मर्जी उरते. जॅकीला हे कळलं होतं. निवृत्तीनंतर तो हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांची बँक उभी करण्यात पुढे होता.

आणि 'गुणवत्ता'वाल्यांसाठी एक प्रसंग. एप्रिल १९८७, जॅकीच्या पदार्पणाला ४० वर्षं. डॉजर्सचेच वरिष्ठ अधिकारी अल कॅम्पानिस यांना टीव्हीवर विचारलं गेलं की कृष्णवर्णीय व्यवस्थापक का नाहीत. ते म्हणाले, त्या पदासाठी लागणारे काही गुण त्यांच्यात नसावेत. हे कॅम्पानिस जॅकीबरोबर खेळलेले, स्वतःला त्याचा मित्र मानणारे. दोन दिवसांत त्यांची नोकरी गेली. त्यांच्या जागी आपल्याकडचा एखादा निवड समितीवाला असता, तर नोकरी गेली असती का? २०१६ पासून डॉजर्सचे व्यवस्थापक आहेत डेव्ह रॉबर्ट्स. वडील कृष्णवर्णीय, आई जपानी. त्यांच्या हाताखाली संघाने २०२०, २०२४ आणि २०२५ अशा तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. 'गुण नसावेत' म्हणणाऱ्यांना यापेक्षा चांगलं उत्तर काय द्यायचं?

मैदानात शिरताना

आता प्रत्यक्ष या. लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनवरून सामन्याच्या दिवशी बस सुटते, तिकीट असलेल्यांना ती फुकट असते. गाडी आणाल तर पार्किंगचे पैसेही जातील आणि परतताना वेळही. स्वस्त तिकिटं सगळ्यात वरच्या मजल्यावरची. आम्हाला तीच आवडतात, कारण समोर टेकड्या आणि सॅन गॅब्रिएलचे डोंगर दिसतात आणि मागे वळलं की शहर. मैदान १९६२ मध्ये सुरू झालं. मेजर लीगमध्ये याहून जुनी फक्त दोनच मैदानं आहेत. ५६ हजार माणसं बसतात. बहुतेकांच्या हातात पावात घातलेलं लांबलचक सॉसेज असतं, त्याला डॉजर डॉग म्हणतात. सगळीकडे निळाच निळा रंग. त्या निळ्याचा आपल्या निळ्याशी संबंध नाही हे आम्हाला माहीत आहे, पण डोळ्यांना कोण समजावणार! मधल्या मैदानामागच्या चौकात जॅकीचा पुतळा आहे, घरच्या तळाकडे झेपावताना. आधी तिथे जा. त्याच्या संघाचं हे शहर झालं तेव्हा तो निवृत्त झाला होता. या मैदानावर डॉजर्सकडून तो एकही सामना खेळला नाही.

मग पार्किंगच्या त्या अफाट डांबराकडे बघा. तिथे पालो व्हर्दे, ला लोमा आणि बिशप अशा तीन वस्त्या होत्या. त्या सगळ्याला शावेझ रॅव्हीन म्हणत. शहरात इतरत्र घर मिळत नव्हतं म्हणून मेक्सिकन कुटुंबं तिथे वसली होती. जुलै १९५० मध्ये त्यांना पत्रं आली : जागा खाली करा, इथे सरकारी घरं बांधायची आहेत, नव्या घरांवर पहिला हक्क तुमचा. बहुतेकांनी मिळेल त्या पैशात घरं सोडली. मग राजकारण फिरलं. सरकारी घरं म्हणजे कम्युनिझम अशी ओरड झाली, योजनेचा पुरस्कार करणाऱ्या अधिकाऱ्याला नोकरीवरून काढलं आणि योजना रद्द झाली. जमीन डॉजर्सच्या मालकाकडे गेली. १९५८ मध्ये त्यावर मतदान झालं आणि थोडक्या फरकाने संघ जिंकला. ८ मे १९५९ला उरलेल्या कुटुंबांना पोलिसांनी बाहेर काढलं. एका बाईला हातापायांना धरून उचलून नेतानाचे फोटो आजही उपलब्ध आहेत. पालो व्हर्देची शाळा पाडलीसुद्धा नाही, तशीच मातीखाली पुरली. त्यावर आज गाड्या उभ्या राहतात.

धरणात, सेझमध्ये, 'झोपडपट्टीमुक्त' शहरांत ज्यांची घरं गेली त्यांना ही गोष्ट नवीन नाही. 'सार्वजनिक हित' हा शब्द आला की गरिबाने आपली भांडी मोजून घ्यावीत.

मग टाळ्या का वाजवायच्या?

आमच्यातल्या एका मुलीने हे विचारलं आणि ते बरोबरच विचारलं. आमचं उत्तर असं. कित्येक मेक्सिकन घरांनी वर्षानुवर्षं या मैदानात पाऊल ठेवलं नाही. १९८१ मध्ये फर्नांडो व्हॅलेन्झुएला नावाचा विशीतला मेक्सिकन पोरगा डॉजर्सकडून चेंडू टाकत गाजू लागला आणि तीच माणसं झुंडीने आली. ती सगळं विसरून आली नाहीत. ज्या जागेवरून आपल्याला हुसकावलं तिथे आपला माणूस उभा आहे, हे बघायला आली. जून २०२५ मध्ये स्थलांतरितांच्या धरपकडीच्या काळात संघ गप्प का, असा जाब याच चाहत्यांनी विचारला. अखेर संघाने बाधित कुटुंबांसाठी दहा लाख डॉलर जाहीर केले. चाहता म्हणजे भक्त नव्हे. चाहत्याने हिशोब मागायचा असतो.

म्हणून मित्रांनो, कुठलाही संघ आवडू द्या. पण धावफलक बघताना निवड समिती बघा, प्रशिक्षक बघा, मालक बघा, मैदानाची जमीन बघा. आपल्या वस्तीतल्या पोरापोरींसाठी स्वतःचे क्लब, स्वतःची मैदानं, स्वतःच्या स्पर्धा उभ्या करा. आणि एखादा पोरगा त्यातून वर गेला, तर त्याच्यामागे खालची संस्था मोडू देऊ नका. बाबासाहेबांनी 'संघटित व्हा' सांगितलं, ते खेळाच्या मैदानालाही लागू आहे.

जय भीम!