कंबर कसली... सिस्टरने!

नाइट संपायला अर्धा तास होता. बेड नंबर ६ च्या काकांची कूस बदलायची होती. दर दोन तासांनी बदलावीच लागते, नाहीतर बेडसोअर ठरलेला. काका ८० किलोंचे. वॉर्डातले मामा लॅबमध्ये सॅम्पल द्यायला गेलेले. म्हटलं, टाकू उरकून! ड्रॉशीट ओढली आणि कमरेत अशी कळ आली म्हणता... उसण भरली. काका बिचारे मलाच विचारतात, ‘सिस्टर, बरं वाटत नाही का?’

माझं वय २९. छत्रपती संभाजीनगरातल्याच एका हॉस्पिटलात नोकरी. (तुम्ही म्हणाल, आमची कंबर तर खुर्चीत बसूनच जाते! कबूल.) आई म्हणाली, पडून राहा. मी मेडिकलमधून पट्टा आणला. तीन महिने पट्टा आणि गोळी, गोळी आणि पट्टा. सिडकोपर्यंत स्कूटीवर येताना रस्त्यातला प्रत्येक खड्डा कमरेने मोजायचे. ओपीडी ड्युटी मागितली तर इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, ‘कंबर कुणाची दुखत नाही गं इथे?’ राग आला, पण खोटं काय होतं त्यात? राजीनामा टाइप करून मोबाइलमध्ये ठेवला.

शेवटी गेले आमच्याच फिजिओ मॅडमकडे. इतकी वर्षं पेशंट पाठवत होते, स्वतः कधी गेले नव्हते! त्यांनी पाय तपासले, मुंग्या येतात का, लघवीवर ताबा आहे का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, ‘एमआरआय नको. आणि हा पट्टा आधी काढ.’

मी उडालेच. पण बहुतेक कंबरदुखीत बोट ठेवावं असं एक कारण सापडतच नाही म्हणे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायामाला होकार आहे, आणि पट्टे, ट्रॅक्शन यांना चक्क नकार!

व्यायाम अगदीच साधे. गुडघे-हात टेकून उजवा हात पुढे, डावा पाय मागे, दहा सेकंद. मग उलट. पाठीवर झोपून कंबर उचलायची. पाच लिटरचा कॅन घेऊन खाली-वर, पण वाकायचं कमरेतून नाही, खुब्यातून. पालथं झोपून छाती उचलायचीही. यामागचा किस्सा भारी आहे. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झींचा एक पेशंट चुकून वर उचललेल्या टेबलावर पालथा पडून राहिला आणि त्याचं दुखणं उतरलं!

पहिला आठवडा मात्र भयंकर. जास्तच दुखायचं. दोनदा सोडलं. मॅडम म्हणाल्या, ‘दुखणं म्हणजे मोडणं नव्हे.’ सहाव्या आठवड्यात सकाळी मोजे घालताना लक्षात आलं, अरे, आज पलंगाला धरलं नाही!

पण एक सांगते. माझ्या कमरेने कितीही व्यायाम केला तरी काका ८० किलोंचेच. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या हिशेबात पेशंटला हाताने उचलण्याची मर्यादा ३५ पौंड, म्हणजे जेमतेम १६ किलो! म्हणून आता इन्चार्ज सिस्टरांकडे दुसरी मागणी गेलीय. स्लाइड शीट हवी, आणि कूस बदलायला दोघं. शीट अजून आलेली नाही. राजीनामाही मोबाइलमध्येच आहे.

काल ६ नंबरला नवे आजोबा आले. चांगले भारदस्त. मी चादरीला हात न लावता दारातूनच ओरडले, ‘मामा, आधी इकडे या!’