बेअरहँडेड

परवा न्यू जर्सीहून नातवाचा फोन आला. बेसबॉलच्या सामन्यात त्याने एक झेल म्हणे 'बेअरहँडेड' घेतला! स्वारी भलतीच खुशीत होती. "म्हणजे रे कसा?" "अगं आजी, ग्लोव्ह न वापरता!"

मला हसूच आलं. बेसबॉलमध्ये प्रत्येक क्षेत्ररक्षकाच्या हातात चामड्याचा मोठा मोजा असतो, म्हणून तिथे या शब्दाची मातब्बरी. आपल्या क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक सोडून इतर क्षेत्ररक्षकांनी हातमोजे घालायचेच नाहीत असा नियम आहे. सगळेच झेल बेअरहँडेड! (आमच्या शाळेत एका पठ्ठ्याने 'बेअर हँड्स'चा अर्थ 'अस्वलाचे हात' लिहिला होता. असो.)

"मराठीत काय म्हणतात गं?" त्याने विचारलं, आणि मी जन्माची मास्तरीण अडखळले. 'रिकाम्या हातांनी' म्हणावं, तर काही न घेता आलेला पाहुणा डोळ्यांपुढे येतो. इंग्रजीत शस्त्राशिवाय लढणाराही बेअरहँडेड, पण त्याला आपण निःशस्त्र म्हणू. मनात एकच शब्द घोळत राहिला. भुंडे हात. आपल्याकडे हात उघडे पडतात ते मोज्यावाचून नव्हे, बांगड्यांवाचून.

वडील गेले तेव्हा मी नववीत होते. शेजारच्या दोघींनी आईच्या बांगड्या फोडल्या. एक काच मनगटात रुतली. "लागलं का गं?" असं कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. पुढे सणासुदीला पंगतीत वाढायला ती कधी बाहेर आली नाही. आत चुलीपाशी मात्र तेच हात पहाटेपासून राबत. कुणी आलं की ती पदर मनगटापर्यंत ओढून घ्यायची.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं आवाहन केलं. बातमी मी दोनदा वाचली. वाचताना हाताकडे लक्ष गेलं. आमचे हे २०१६ साली गेले, तेव्हा मला कुणी एका शब्दाने काही म्हटलं नव्हतं. सुनेने तर "राहू द्या ना, आई" असंच म्हटलं होतं. तरी तिसऱ्या दिवशी मी आपणहून बांगड्या उतरवून कपाटात ठेवल्या होत्या.

"आजी, आहेस ना फोनवर?"

"आहे रे. नुसत्या हातांनी," मी सांगितलं. "नुसत्या हातांनी झेल घेतला, असं म्हणतात."