माल आमचा, पैसाही आमचाच

एटापल्लीहून बाहेर जाणाऱ्या मालाची यादी फार लांब नाही. सुरजागडचं लोहखनिज, जंगलातला बांबू, मोहफुलं आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता. मी इथल्या बँकेत कारकून म्हणून बदलून आलो आणि या यादीत आणखी एका मालाची भर पडली: विनोदी लेख. फरक एवढाच, की बाकीचा माल एकदा गेला की गेला. माझा परत येतो.

तसा मी बी. कॉम. माणूस. जमा आणि नावे या दोन बाजू जुळल्या की मला रात्री झोप लागते. पण २०१२ साली चंद्रपूरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि घोटाळा झाला. वसंत आबाजी डहाके अध्यक्ष होते. (१९७९ सालीही चंद्रपूरला संमेलन झालं होतं, वामन कृष्ण चोरघडे अध्यक्ष होते. पण तेव्हा मी जन्मलोच नव्हतो, त्यामुळे हजर राहण्याचा प्रश्न आला नाही.) मी किरकोळ रजा टाकून गेलो आणि पुस्तकांच्या गाळ्यांवरून दोन दिवस फिरलो. इतक्या लोकांची इतकी पुस्तकं निघतात, मग आपलंच एक का निघू नये, हा विचार तिथंच डोक्यात शिरला. किरकोळ रजा संपली, विचार संपला नाही.

पुढची दहा-बारा वर्षं मी लिहीत गेलो. बावीस लेख जमले. त्यातले पाच-सहा इकडे-तिकडे छापून आले, बाकीच्यांनी पोस्टाचा प्रवास केला. शेवटी सगळ्यांची एक फाईल करून मी ती एका प्रकाशकाकडे धाडली. आणि काय आश्चर्य! पंधरा दिवसांत उत्तर आलं. 'आपले लेखन अत्यंत दर्जेदार असून मराठी विनोदात मोलाची भर घालणारे आहे.' वाचकहो, हे वाक्य मी घरात मोठ्यानं तीनदा वाचलं. दुसरं पान मात्र मनातल्या मनात वाचलं.

दुसऱ्या पानावर 'संयुक्त प्रकाशन योजना' होती. लेखकाचा सहभाग रुपये ४५,०००. छपाई ५०० प्रती. त्यातल्या २०० प्रती लेखकाला 'मोफत'. या ४५,०००च्या पोटातच आयएसबीएन क्रमांकाचे ३,०००, कॉपीराइटचे २,५०० आणि शाल-श्रीफळासह प्रकाशन समारंभाचे ५,००० धरलेले होते. पुस्तकाची किंमत रुपये १८०.

आता मी कॉमर्सचा पदवीधर. पंचेचाळीस हजाराला दोनशेनं भागलं तर एक 'मोफत' प्रत २२५ रुपयांना पडते, एवढं गणित मला येतं. म्हणजे जे पुस्तक वाचकाला दुकानात १८० रुपयांना मिळणार, ते लेखकाला २२५ रुपयांना मोफत! पण 'मोलाची भर' हे शब्द एकदा डोक्यात बसले की भागाकार बसत नाही. मोल कुणी भरायचं हेही त्यातच आलं होतं, ते तेव्हा लक्षात आलं नाही.

पैसे होते. आमची मुलगी यंदा बारावी झाली, तिला शिकायला नागपूरला पाठवायचं म्हणून एक मुदत ठेव करून ठेवली होती. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पुस्तक निघालं तर चांगलंच आहे. पण पैसे कुठले भरताय, तेवढं तिला तुम्हीच सांगा." एवढं बोलून ती भाकऱ्या थापायला गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. मुलीला मी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर गर्दी ओसरल्यावर मी ठेव मोडण्याचा अर्ज भरायला घेतला. मुदतीआधी ठेव मोडू नका, व्याज बुडतं, हे मी वीस वर्षं लोकांना सांगत आलोय. स्वतःला सांगायला काउंटरपलीकडे कुणी नव्हतं. तेवढ्यात जवळच्या गावातल्या ग्रामसभेचे अध्यक्ष पासबुक भरून घ्यायला आले. साठीचे गृहस्थ, सही सावकाश करतात, पण वाचल्याशिवाय करत नाहीत.

"काय लिहून राहिले, साहेब?"

"ठेव मोडतोय."

"काहून जी? घरी कोनी बिमार हाये का?"

"नाही हो. पुस्तक काढायचंय. प्रकाशकाला पैसे भरायचे आहेत."

"पुस्तक कोनं लिवलं?"

"मी."

"आन् इकनार कोन?"

"प्रकाशक."

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त मंग पयसे तुमी काहून देता?"

मला उत्तर सुचेना. बँकेत उत्तर सुचलं नाही की आम्ही 'साहेबांना भेटा' म्हणतो, पण इथं साहेब मीच होतो.

तेंदूचा लिलाव पूर्वी वन खातं करी. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा आल्यानंतर आमच्या जिल्ह्यातल्या पुष्कळ ग्रामसभा तो स्वतः करू लागल्या. त्याचा हिशेब त्यांनी मला उभ्याउभ्या सांगितला. "आमी पाना तोडतो, सत्तर पानाचा पुडा बांधतो, फळीवर नेतो. ठेकेदार बोली बोलते, रक्कम भरते, मंग माल उचलते. एका साली एकानं बाकी ठेवली होती. तवापासून आधी पयसे, मंग पाना. आन् उद्या ठेकेदार आमालेच म्हनन का पाना बी द्या आन् पयसे बी द्या, त आमी त्याले चहा पाजून वापस पाठवून देऊ."

मी त्यांचं पासबुक भरून दिलं. अर्ज फाडला. कचऱ्याच्या टोपलीत टाकताना दोन तुकडे बाहेर पडले, तेही उचलून आत टाकले.

त्यानंतर जी चौकशी मी आधी करायला हवी होती, ती केली. नवोदितांच्या उपयोगासाठी तपशील देतो. आयएसबीएन क्रमांक दिल्लीहून केंद्र सरकारची राजा राममोहन राय संस्था देते आणि फुकट देते. म्हणजे ते ३,००० कुठले, हे शाल-श्रीफळालाच ठाऊक. कॉपीराइटचं १९५७ च्या कायद्यात असं आहे, की लिहिलं त्या क्षणी हक्क लेखकाचा झाला, नोंदणी सक्तीची नाही. शिवाय तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. माझे साभार परत आलेले लेख माझी नातवंडंसुद्धा हक्कानं सांभाळू शकतील. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० सालचं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. हे मंडळ नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं. तिथं हस्तलिखित तपासलं जातं, पासबुक नाही. आणि नागपूरचा विदर्भ साहित्य संघ तर १९२३ पासून आपल्या उंबरठ्यावर आहे, त्याचं 'युगवाणी'ही आहे. मी मात्र पत्ता शोधत शोधत भलतीकडेच गेलो.

पोस्टाचीही बातमी आहे. पुस्तकं स्वस्तात धाडायची रजिस्टर्ड बुक पोस्टाची सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा पुस्तकवाले हळहळले. मग १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आलं. सुरू झालं तेव्हा ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १००, असा दर होता. अट अशी, की आत छापील पुस्तक हवं. माझी तिथंच अडचण आहे.

प्रकाशकाला मी नम्र पत्र लिहिलं: 'आपली योजना अत्यंत दर्जेदार असून साभार परत करीत आहे.' आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य मी लिहिलं, आजवर नुसतं वाचत आलो होतो. फार बरं वाटलं. हस्तलिखित मंडळाकडे पाठवायच्या तयारीत आहे. एक लेख एका दिवाळी अंकानं घेतला, ५०० रुपये माझ्या खात्यात जमा झाले. ती नोंद मी स्वतः पासबुकात उमटवून घेतली आणि घरी नेऊन बायकोला दाखवली. तिनं ती मुलीला दाखवली. मुलगी आता नागपूरला आहे. ठेवीचं काय ठरत होतं, हे तिला अजून ठाऊक नाही. हे पुस्तक निघालं तर कळेल.

परवा अध्यक्ष पुन्हा आले होते. "साहेब, तुमच्या मालाचा काय झाला?"

"अजून बोली लागली नाही," मी म्हणालो.

"घाई नोका करू," पासबुक पुढं सरकवत ते म्हणाले. "पाना बी वाळाले वेळ लागते. ओला पुडा भरला का बुरशी लागते."

घरी येऊन मी फाईल काढली. बावीसातले सात लेख अजून ओले निघाले. ते पुन्हा लिहायला बसलोय.