पायाखालची थरथर

रत्नागिरीहून पावस अवघं अठरा-वीस किलोमीटर. राजिवड्याकडून भाट्याच्या पुलावर आलं की उजव्या हाताला काजळी नदी समुद्राला मिळताना दिसते. पुढे सुरूचं बन, फणसोप, गोळप. आणि गोळपच्या सड्यावरून उतार लागला की माडा-पोफळींत दडलेलं पावस. बाहेरगावची माणसं इथे स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरासाठी येतात. आम्ही येतो ते अब्बांच्या घरी.

या दिवाळीच्या सुटीत मात्र येण्याला वेगळं कारण होतं. अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन कोल्हापुरात ठरलं होतं. अंगणात त्यांची जुनी गाडी पावसाळाभर उभी होती. तिनेच जायचं, हा त्यांचा हट्ट. आम्ही गाडी सुरू करून रत्नागिरीला एक फेरी मारली. परतताना गोळपच्या उतारावर ब्रेक दाबला आणि पेडल पायाखाली नाडीसारखं उडू लागलं. स्टेअरिंगही थरथरत होतं. मागे बसलेल्या अम्मींनी दुपट्टा सावरत विचारलं, "बेटा, काय झालं?" आम्ही "काही नाही" म्हणालो, पण डोळ्यांपुढे आंबा घाट उभा राहिला. चढून जाता येईल; पण ऑपरेशन झालेल्या अब्बांना घेऊन तो उतरायचा होता.

शहरातल्या एका गॅरेजमध्ये दाखवलं. चाक न खोलताच सांगण्यात आलं, "डिस्क वाकल्यात. सगळा सेट बदला." खर्च ऐकून आम्ही गप्प झालो. अब्बा म्हणाले, "पैसे घालायचे तर घालू, पण आधी आपल्या उस्तादांना दाखवा."

उस्ताद आमच्याच मोहल्ल्यातले. बरीच वर्षं कुवेतच्या गॅरेजात काढून परतलेले. सलाम-दुआ झाली आणि ते थेट गाडीत बसले. सरळ, मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगाने जाऊन त्यांनी ब्रेक हलकेच दाबला. मग वेग कमी करून हँडब्रेक, बटण दाबूनच ठेवून, हळूहळू ओढला. "हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, सर. त्याने थरथर नाही. पायाने दाबला की आहे, आणि स्टेअरिंगही हलतं. म्हणजे दोष पुढे." आम्ही विचारलं, एबीएसच्या गाडीतही पेडल थरथरतं ना? ते म्हणाले, "ते जोरात ब्रेक मारल्यावर, चाक घसरायला लागलं तरच. तो दोष नव्हे. हलक्या ब्रेकला थरथरलं तर गाडी दाखवावी."

पुढची चाकं उतरली आणि पावसची हवा दिसली. समुद्र जवळ, पाऊस चार महिने, आणि गाडी जागची हललेली नाही. डिस्कवर गंज चढला होता. फक्त जिथे ब्रेक पॅड टेकून राहिले होते, तिथे पॅडच्या आकाराचा वेगळा डाग. उस्ताद म्हणाले, "गाडी सुरू झाल्यावर वरचा गंज घासून जातो, पण हा डाग राहतो. तिथे डिस्कची जाडी वेगळी. दर फेरीला पॅड त्यावरून जातो आणि तुमच्या पायाला धक्का देतो."

मग त्यांनी कापडात गुंडाळलेलं डायल गेज काढलं. डिस्क हळूहळू फिरवली. काटा दहा शतांश मिलिमीटर हलला. डिस्क काढली तर हबवरही गंजाचा थर. तारेच्या ब्रशने हब लखलखीत करून डिस्क पुन्हा बसवली. आता काटा चारच शतांश हलला. म्हणजे डिस्क वाकलेली नव्हतीच, गंजावर तिरकी बसली होती! शेवटी मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजली. डागापाशी फरक होता, जेमतेम तीन शतांशांचा. माणसाच्या केसाहूनही कमी. पण पायाला तेवढा कळतो.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. आमच्या डिस्कवर १५ मिलिमीटर होती, आणि सर्वांत बारीक जागीही १६.४ भरली. "बदलायची गरज नाही," उस्ताद म्हणाले. "किमानाच्या खाली असती तर एक दिवसही चालवू दिली नसती." मिरजोळ्याच्या एमआयडीसीत लेथवर दोन्ही बाजू सारख्या घासून आणल्या, १५.८ उरली. पॅड तेवढे नवे घातले, दोन्ही चाकांचे एकदमच. चाकाचे नट त्यांनी गोल न फिरता समोरासमोरचे आवळले, आणि तेही टॉर्क पान्याने. "कमी-जास्त आवळले की चांगली डिस्कसुद्धा तिरकी होते."

मग आम्हाला पूर्णगडच्या रस्त्याला पाठवलं: रस्ता मोकळा बघून पन्नासच्या वेगावरून दहावर यायचं, पूर्ण थांबायचं नाही, असं दहा वेळा, मग ब्रेक थंड होईपर्यंत सावकाश चालवायचं. त्यामुळे नवा पॅड डिस्कवर सारखा बसतो. सहाव्या वेळी आम्ही मुद्दाम पायाकडे लक्ष दिलं. पेडल शांत होतं.

मजुरी विचारली तर उस्ताद म्हणाले, "अब्बा डोळ्यांनी नीट बघू लागले की द्या." आम्ही तिथेच दिली. हातात कसब असलेल्या माणसाचा हक्क उधार ठेवू नये.

चौथ्या दिवशी कोल्हापूरहून निघालो. आंब्याच्या उतारावर उस्तादांचं सांगणं पाळलं: दुसरा गिअर, ब्रेकवर पाय सतत ठेवायचा नाही, गरज पडेल तेव्हाच दाबायचा आणि सोडायचा. शिवाय, ब्रेक तापलेले असताना गाडी थांबली तर पेडल दाबून धरायचं नाही. पॅडचा ठसा पुन्हा तिथेच उमटतो. साखरप्याला चहासाठी थांबलो तेव्हा अब्बा जागे झाले. डोळ्यावर हिरवी पट्टी. विचारलं, "घाट कधी लागणार?"

"उतरलो, अब्बा."

"अल्हम्दुलिल्लाह," म्हणाले, आणि चहात बिस्किट बुडवलं.

आता पावसाळ्यात दर आठवड्याला कुणीतरी ती गाडी काढून गणेशगुळ्यापर्यंत फिरवून आणतं. अंगणात उभी ठेवायची नाही, असा अब्बांचा हुकूम आहे.