आत्याचा तानपुरा

माझ्याकडच्या तानपुऱ्याला घरात सगळे अजून आत्याचा तानपुरा म्हणतात. तो मिरजेहून तिच्याकडे आला तेव्हाचं त्यात आता फार थोडं उरलं आहे. दांडी तीच, तबली तीच. खुंट्या एकेक करून सगळ्या बदलल्या, घोडी दोनदा बदलली, भोपळाही बदलला. तारांचा तर हिशेबच नाही. तरी तो आत्याचाच आहे असं मी म्हणते, आणि ते निव्वळ मायेपोटी नाही.

तार बदलली म्हणून वाद्य बदललं असं कोणी म्हणत नाही. पोलादी तार गंजते, खर्जाची पितळी तार काळवंडून मंद होते, मग नवी चढवायची. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचं मात्र तसं नाही. तानपुऱ्याचा आवाज घडतो तो तिच्या माथ्यावर. हा माथा रुंद आणि किंचित उतरता असतो. तार त्यावर नुसती टेकत नाही, थरथरताना त्याला पुन्हापुन्हा स्पर्श करून जाते. मध्ये सुताचा दोरा सरकवून तो स्पर्श हवा तिथे आणायचा, म्हणजे जवारी, तारेचा तो झंकार, बोलू लागते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याविषयी लिहिलं आहे. तार ज्या बिंदूवर छेडावी तिथे जे स्वरांश स्थिर असतात ते ऐकू येऊ नयेत, असा तारांच्या कंपनाचा जुना नियम. तानपुऱ्यात ते ऐकू येतात. खर्ज नीट लागला की चार तारांपैकी एकीतही न लावलेला गंधार खोलीत उभा राहतो. लहानपणी तो पहिल्यांदा कानावर आला तेव्हा मी तारा मोजल्या होत्या. पंचम, दोन जोडाच्या आणि खर्ज. गंधाराची तार कुठेच नव्हती.

आणि हाच माथा सर्वांत जास्त झिजतो. तारेनं त्यावर चरे पडतात, आवाज बसका होतो, मग कारागीर तो कानशीनं घासून पुन्हा वळणावर आणतो. दर खेपेला एक पातळ थर जातो. म्हणजे ज्या जागी तानपुऱ्याचं तानपुरापण आहे, तीच जागा सतत नाहीशी होत असते. वस्तूचा गाभा टिकतो आणि वरवरचं तेवढं बदलतं, ही समजूत या वाद्यापुढे टिकत नाही.

आत्याची मूळ घोडी हस्तिदंताची होती. घासूनघासून ती इतकी उतरली की नवी बसवणं भाग पडलं. तोवर १९८६च्या कायदादुरुस्तीनं भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला होता, आणि तो व्हायलाच हवा होता. मिरजेच्या कारागिरांनी सांबरशिंगाची घोडी बसवली. ती झिजल्यावर शिसवीची आली. पहिली घोडी त्यांनी कागदात गुंडाळून परत दिली, ती माझ्या कपाटात आहे. ती हातात घेतली की आत्याची आठवण येते. पण तानपुरा कपाटात आहे असं मला कधी वाटलेलं नाही.

भोपळा फुटला तो सांगलीहून पुण्याला बिऱ्हाड हलवताना. मंगळवेढा-पंढरपूरकडे हे कडू भोपळे पिकतात, वाळतात, मग मिरजेत येतात. नेमका तसाच दुसरा मिळत नाही, प्रत्येकाचा घेर आणि सालीची जाडी वेगळी. कारागिरांनी बरेच भोपळे टिचक्या मारून पाहिले, एक निवडला आणि मला म्हणाले, "गाणाऱ्या बाईंना घेऊन या. आवाज ऐकल्याशिवाय जवारी कुणासाठी काढू?" आत्या तेव्हा थकली होती. पूर्वी ती काळी चारमध्ये गायची, आता पांढरी पाचपर्यंत उतरली होती. तरी ती मिरजेला आली, दुकानातल्या जाजमावर बसली, पुरियासाठी पहिली तार निषादात लावून घेतली आणि गायली. कारागीर घोडी काढत, दोन हात कानस फिरवत, दोरा सरकवून छेडत. आत्या मान हलवून नको म्हणे. दुपार उलटून गेल्यावर कधीतरी तिनं नुसता षड्ज लावला आणि डोळे मिटले. काम झालं होतं.

वस्तू म्हणजे नेमकं काय, हे विचारताना मिलिंद राजा आणि बौद्ध भिक्षू नागसेन यांच्या संवादात रथ येतो. नागसेन विचारतो, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ हे सगळे भाग मिळून व्यवहारासाठी दिलेलं नाव, असं ठरतं. संवाद मला आवडतो, पण त्या सभेत एखादा रथ दुरुस्त करणारा हवा होता असं फार वाटतं. त्याला ठाऊक असतं की नवा आरा जुन्या तुंब्याच्या मापानं तासावा लागतो. सगळं एकदम बदललं तर माप कशावरून घेणार? आत्याच्या तानपुऱ्यात भोपळा नवा आला तेव्हा तबली जुनी होती, घोडी नवी आली तेव्हा आत्याचा कान होता. जे उरलं होतं त्यानं आलेल्याला आपल्यात बसवून घेतलं. इलेक्ट्रॉनिक तानपुरा रियाजाला सोयीचा आहे, मीही वापरते. पण तो बिघडला की बहुधा अख्खाच नवा येतो, त्यात मागच्याचं काही उतरत नाही.

आता तबली बसली आहे. घोडीखालची जागा खचल्यामुळे खर्ज धरत नाही. कारागिरांचा मुलगा म्हणतो की नवी करावी लागेल. मी हो म्हणाले. जवारी काढायची वेळ आली की समोर मी बसेन, कारण आत्याचा आवाज जिच्या कानात आहे अशी घरात मीच उरले. भाचीलाही घेऊन जाणार आहे. ती काळी तीनमध्ये गाते, तिला जवारी जरा खुली आवडते आणि मला मिटलेली. त्यावरून दुकानात आमची वादावादी होणार हे नक्की, आणि तिचं म्हणणं मी ऐकून घेणार आहे.